तिरुपतीला जाताय? मग रॉकेट पण बघून या

नमस्कार मंडळी! बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथनं कुठनं ऐकताय त्या सगळ्यांना नमस्कार. आपल्याकडं तिरुपतीला न गेलेलं घर सापडणं अवघडच. हरिप्रिया एक्सप्रेस पकडायची, दशम्या आणि शेंगाचटणीचा डबा गाडीत उघडायचा, दर्शन झालं की लाडू घेऊन घरी. माझं आज सांगणं एवढंच आहे की पुढच्या खेपेला त्या ट्रिपला दोन-तीन दिवस जोडा आणि श्रीहरिकोट्याला जाऊन रॉकेट उडताना डोळ्यांनी बघून या, आणि घरातल्या पोरांना तर न्याच.

तिरुपतीहून श्रीकाळहस्ती, नायडूपेट करत सुल्लुरुपेटला यायचं, तिथनं पुढं पुलिकत सरोवराच्या मधनं रस्ता जातो, थंडीत गेलात तर दोन्ही बाजूला पाण्यात रोहित पक्षी उभे असतात. इस्रोची माणसं सुद्धा लॉन्चच्या आधी तिरुमलाला आणि सुल्लुरुपेटच्या चेंगाळम्मा देवीला जाऊन येतात, म्हणजे वाट एकच आहे बघा. सामान्य लोकांसाठी श्रीहरिकोट्याला 2019 पासून रॉकेट बघायची गॅलरी आहे, पायऱ्या-पायऱ्यांची, समोर मोठे स्क्रीन. पैसे लागत नाहीत, पण इस्रोच्या वेबसाइटवर नाव नोंदवावं लागतं आणि जागा पटापट भरतात, म्हणून लॉन्चची तारीख जाहीर झाली की रोज एकदा बघत राहायचं. ओळखपत्र जवळ ठेवा. कॅमेरा, स्टँड काय काय आत नेता येतं ते त्या-त्या वेळच्या सूचनांत वाचूनच निघा.

आणि परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका हं. चांद्रयान-2 चं आठवतं का, 15 जुलै 2019, मध्यरात्र उलटलेली, सगळे जमलेले, आणि 56 मिनिटं बाकी असताना काउंटडाउन थांबवलं. रॉकेट उडालं ते 22 तारखेला. लांबून आलेल्या लोकांना किती वाईट वाटलं असेल, पण थांबवलं ते बरोबरच केलं, शंका असताना उडवण्यापेक्षा आठवडा गेलेला परवडला.

आता फोटोचं. लोक बटण दाबतात रॉकेट उडल्यावर, आणि फोटोत येतो नुसता पांढरा गोळा. कारण असं की पीएसएलव्ही, म्हणजे इस्रोचं एक रॉकेट, त्याच्या खालच्या टप्प्यात घन इंधन असतं, त्यात अॅल्युमिनियमची पूड मिसळलेली असते, ती जळताना उजेड इतका पडतो की मोबाइल गोंधळतो. म्हणून सगळं आधीच ठरवून ठेवायचं. मोबाइल असेल तर लांबच्या झाडांवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो, मग ब्राइटनेस बराच खाली ओढा, चित्र काळपट दिसलं तरी चालेल, ज्वाळा आली की बरोबर होतं. झूम करू नका. मोठा कॅमेरा असेल तर ऑटोफोकस बंद, शटर दिवसा हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद. रात्रीचा लॉन्च असेल तर उलटं, कॅमेरा घट्ट स्टँडवर आणि शटर मिनिट-दोन मिनिटं उघडंच ठेवायचं, मग आकाशात एकच सोनेरी कमान उमटते, ती घरात फ्रेम करून लावण्यासारखी असते.

आम्ही गेलो तेव्हा सकाळचा लॉन्च होता. पीएसएलव्ही म्हणजे 44 मीटर उंच, 320 टन वजन, आणि ते झाडांच्या मागनं वर आलं तेव्हा आवाजच नाही! माझी भाची शेजारी, घाबरून म्हणते, मामा आवाज का नाही, मी म्हटलं मोज. ती बोटांवर मोजायला लागली, पंधराच्या पुढं गेली आणि मग आला, आधी लांबनं घरघर, मग असा कडकडाट की पायरी थरथरायला लागली आणि छातीत धडधड जाणवली. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, तिनं लगेच भागाकार करून आम्ही किती लांब बसलोय ते सांगितलं! हे पुस्तकातनं किती वेळा शिकवलं असतं तरी असं डोक्यात बसलं नसतं.

अजून एक सांगतो, रॉकेट दिसेनासं झालं की सगळे मोबाइल खिशात घालतात. तुम्ही घालू नका. मागं राहिलेला धूर बघत बसा, वर वेगवेगळ्या उंचीवर वारं वेगळ्या दिशेनं वाहतं, त्यानं तो धूर हळूहळू वाकडातिकडा होतो, मधेच तुटतो, सकाळचं ऊन पडलं तर रंग चढतो. माझा सगळ्यात चांगला फोटो त्या धुराचाच आहे, आणि त्याच्या खाली तोंडं वर करून उभी असलेली गर्दी, कुणी तेलुगू, कुणी तमिळ, मधेच आम्ही.

शाळांच्या सर-बाईंना पण एक विनंती. दरवर्षी विजापूर, बदामी, हंपी होतेच की, मोठ्या पोरांची एक सहल तिकडं काढा. नोंदणी प्रत्येकाच्या नावानं करावी लागेल, तारीख पुढं गेली तर काय करायचं ते पालकांशी आधी बोलून ठेवा, आणि पोरांना सेकंद मोजायला सांगायला विसरू नका.