कासची फुलं, नॉर्वेचा समुद्र

[कास पठार, सप्टेंबरची सकाळ. धुकं.]

कातळावर बोटभर माती, आणि तिच्यात 'सीतेची आसवं' नावाची फुलं. फोटो काढायचा तर गुडघे ओले होणारच. क्लिक!

[फोनचा पडदा]

फोटो चढतो आयनॅचरलिस्टवर. बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये प्रकल्प म्हणून सुरू केलेलं हे निसर्गवेड्यांचं समाजमाध्यम. इथे लाईकपेक्षा नकाशावरची पिन महत्त्वाची.

आता ही पिन बघा. नॉर्वेच्याही उत्तरेला, भर समुद्रात! कासचे अक्षांश १७.७, रेखांश ७३.८. एक्सेलमध्ये रकाने उलटे भरले गेले आणि साताऱ्याचं फूल आर्क्टिकमधल्या बेअर बेटाच्या दक्षिणेला जाऊन पडलं.

ही चूक कुणालाही दिसते. खरी डोकेदुखी पुढची. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला की त्यातलं लोकेशन गळून पडतं. मग माणूस नुसतं 'सातारा' टाइप करतो आणि पठारावरचं फूल चारशे मीटरहून जास्त खाली, शहरात उगवतं.

[पडदा जवळून. बोट पिन सरकवतं.]

नोंद आपली असेल तर काम दोन मिनिटांचं. 'एडिट' उघडायचं, नकाशा सॅटेलाइटवर घ्यायचा, तळं शोधायचं, तिथून पायवाट आठवत पिन आणायची. भोवतीचं वर्तुळ म्हणजे अचूकतेची कबुली. नक्की आठवत नसेल तर ते मोठं ठेवा; उगाच दहा मीटरचा आव आणू नका.

दुसऱ्याची पिन मात्र हलवता येत नाही. कॉमेंटमध्ये विचारायचं, "लोकेशन एकदा बघाल का?" उत्तर नाहीच आलं, तर पानाच्या तळाशी 'लोकेशन अचूक आहे का' यावर 'नाही' असं मत द्यायचं. मतं तशी पडली की नोंद 'रिसर्च ग्रेड'मधून, म्हणजे संशोधनाला चालेल अशा दर्जातून, उतरते. याच दर्जाच्या नोंदी पुढे जीबिफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जातात, संशोधक त्या वापरतात.

[कंदीलपुष्प, वाऱ्यात हलणारं.]

आणि हे कंदीलपुष्प. संकटग्रस्त म्हणून नोंद असलेल्या प्रजातीची जागा, तिला जपण्यासाठी, अ‍ॅप आपणहून लपवतं. सुमारे बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही पिन टाकतं. ती कण्हेर धरणाच्या पाण्यातही दिसू शकते.

तिला हात लावायचा नाही.

[धुकं. फूल दिसेनासं होतं.]