पडद्याची सूज, स्टेरॉइड आणि बशीतल्या पेशी

(फोंडा येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वाधिक आढळलं ते आपल्या गोव्यात, २६.४ टक्के. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज येऊ शकते, म्हणजे ही सूज हा इथल्या घराघरांतला प्रश्न आहे. या सुजेवर डोळ्यात जी इंजेक्शनं देतात, त्यांतलं एक ट्रायमसिनोलोन. हे स्टेरॉइड रक्तवाहिन्यांची गळती कमी करतं, सूज ओसरते. मग याच औषधाने पडद्याच्या पेशी मरतात, असं प्रयोगशाळा का सांगते?

या प्रयोगांत बहुधा एआरपीई-१९ नावाच्या पेशी वापरतात. पडद्याच्या मागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एकच थर असतो, त्या जातीच्या या पेशी. अपघातात दगावलेल्या १९ वर्षांच्या एका तरुणाच्या डोळ्यांतून १९८६ साली त्या वाढवल्या गेल्या. आज जगभर त्यांच्यावर औषधं पारखली जातात. त्या मुलाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, पण त्याचं ऋण मोठं आहे.

प्रयोगशाळेत या पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत वाढवतात. बशीत औषध थोडं असेल तर त्या तग धरतात. दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत नेलं आणि काही दिवस तसंच ठेवलं, की त्या मरू लागतात. आता हिशेब करा. डोळ्याच्या आत भरलेल्या पारदर्शक जेलचं आकारमान साधारण ४ मिलिलिटर आणि इंजेक्शनचा नेहमीचा डोस ४ मिलिग्रॅम. भागाकार केला तर तोच आकडा येतो! पण हा हिशेब फसवा आहे. ट्रायमसिनोलोन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बाटली स्थिर ठेवली की तळाशी पांढरा साका बसतो. डोळ्यातही ते कणांच्या रूपात जेलमध्ये अडकून राहतं आणि हळूहळू झिरपतं. बशीत मात्र तेच कण थेट पेशींवर जाऊन बसतात. बशीत कण आणि पेशी यांच्यामध्ये सच्छिद्र पापुद्रा ठेवला, तेव्हा इजा टळल्याचं दिसलं. काही बाटल्यांत बेंझिल अल्कोहोल हे परिरक्षक, म्हणजे औषध खराब होऊ न देणारं रसायन असतं, तेही पेशींना अपायकारक. म्हणूनच डोळ्यासाठी परिरक्षक नसलेलं औषध वेगळं बनवलं गेलं. माझ्या मते या सगळ्या संशोधनाचं खरं फळ हेच.

रुग्णाला जास्त त्रास होतो तो वेगळ्याच बाजूने. डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो. दाब वाढल्याचं रुग्णाला कळतही नाही, त्यामुळे दिसायला छान लागलं म्हणून पुढची तपासणी चुकवू नका.

आणि ज्यांच्या डोळ्यातलं जेल शस्त्रक्रियेने काढलेलं आहे, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. अशा डोळ्यात कणांना धरून ठेवायला काही उरत नाही, ते सरळ पडद्यावर उतरू शकतात. शिवाय औषध लवकर निघूनही जातं. एरवी ते निम्मं व्हायला सुमारे १९ दिवस लागतात, इथे जेमतेम ३.