पांघरुणातला मिंक

(बेळगाव, खडेबाजार. डिसेंबरची संध्याकाळ.)

"मिंक हाय की वो, हात लावून बघा तरी."

घडी उलगडते. चार कोपऱ्यांत गुलाब, मधोमध वाघ. घोंगडीला इथं कन्नडात कंबळी म्हणतात. मिंकला मात्र दोन्ही भाषांत मिंकच. निपाणीपासून खानापूरपर्यंत लग्नात हे ब्लँकेट आहेरात येतं. ते विरतं, पण त्याची चेनची पिशवी जुन्या साड्या सांभाळत वर्षानुवर्षं माळ्यावर राहते.

(ओढ्याकाठी तपकिरी प्राणी.)

हा खरा मिंक, उत्तर अमेरिकेतला. दिसायला मुंगसासारखा लांबोडका, पण नात्यानं आपल्या पाणमांजराचा भाऊबंद. मासे, बेडूक, उंदीर खातो. गार पाण्यात बुडी मारली तरी अंग भिजत नाही, कारण केसांचे थर दोन: आत दाट मऊ लव, वर चकचकीत लांब केस. हीच लव त्याच्या जिवावर उठली.

फरसाठी त्याला पिंजऱ्यात वाढवतात. पिल्लं एप्रिल-मेमध्ये होतात. हिवाळ्याची लव भरली की नोव्हेंबर-डिसेंबरात वायूनं मारतात. कातड्याला ओरखडा नको ना! एका लांब कोटाला ५०-६० जनावरं लागतात.

२०२० मध्ये कोरोनाचा बदललेला विषाणू मिंकमधून माणसांत आला. नोव्हेंबरात डेन्मार्कच्या सरकारनं देशातले सगळे मिंक मारायला सांगितले. दीड कोटीहून जास्त. तसा हुकूम काढायचा अधिकारच सरकारला नव्हता, हे मागाहून उघडकीला आलं आणि मंत्र्याला पायउतार व्हावं लागलं. घाईनं उथळ पुरलेली मढी फुगून वाळूतून वर आली, ती वेगळीच.

भारतात मिंकच्या फरची आयात जानेवारी २०१७ पासून बंद आहे.

(पुन्हा दुकान. ब्लँकेटची पट्टी जवळून.)

मग हे काय? शंभर टक्के पॉलिस्टर. असा माल पानिपतच्या कारखान्यांत ढिगानं निघतो. कापड विणायचं, ब्रशनं घासून लव उठवायची, झाला मिंक.

शेजारी काळी घोंगडी टांगली आहे. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ. लोकर कातरली की मेंढी पुन्हा रानात चरायला मोकळी. पण घोंगडी टोचते, हे कबूल करायला हवं. गिऱ्हाईक मऊ तेच उचलतं.

दुकानदाराला विचारलं, मिंक म्हणजे काय हो?

तो क्षणभर थांबला. "कंपनीचं नाव असंल की."