घराआधी रस्ता पाहावा

नेदरलँड्समधील उट्रेख्त शहराजवळच्या हौटेन या गावातली ही सकाळची वेळ आहे. पडद्यावर दिसणारी तांबडी वाट हा इथला मुख्य रस्ता असून तो सायकलींचा आहे. मोटारींना गावात बंदी नाही. मात्र शेजारच्या वस्तीत जायचे असले, तरी मोटारचालकाला आधी गावाभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यावर यावे लागते आणि वळसा घालून दुसऱ्या तोंडाने आत शिरावे लागते. सायकलस्वार तेच अंतर सरळ कापतो. शाळा याच वाटांना लागून आहेत आणि रेल्वे स्थानक गावाच्या मध्यभागी आहे. चौकात सायकलवरून येणाऱ्या या मुलांकडे नीट पाहावे: त्यांच्याबरोबर कोणीही मोठे माणूस नाही.

घर बदलणाऱ्याची चौकशी बहुधा खोल्या, किंमत आणि कामाच्या ठिकाणाचे अंतर यांवर येऊन थांबते. दाराबाहेरच्या रस्त्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक भिंत पाडता येते, खिडकी मोठी करता येते. रस्ता मात्र आहे तसाच पदरात पडतो.

राहण्याजोगी वस्ती मुद्दाम घडवता येते, हा विचार जुना आहे. एबेनेझर हॉवर्ड हे लंडनमध्ये संसदेच्या कामकाजाची लघुलिपीत नोंद घेणारे गृहस्थ. ते ना वास्तुरचनाकार होते, ना जमीनदार. त्यांनी १८९८ मध्ये उद्याननगराची कल्पना मांडली: सुमारे ३२ हजार लोकवस्ती, काम आणि घर एकाच ठिकाणी आणि भोवती शेतीचा पट्टा. त्यांची खरी अट जमिनीविषयी होती. जमीन एका संस्थेच्या ताब्यात राहावी, घरे भाडेपट्ट्याने द्यावीत आणि गाव भरभराटीला आल्यावर जमिनीचे जे उत्पन्न वाढेल ते गावासाठीच खर्च व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९०३ मध्ये लंडनच्या उत्तरेला लेचवर्थची उभारणी सुरू झाली आणि रेमंड अन्विन व बॅरी पार्कर यांनी त्याचा आराखडा केला. झाडांच्या दुहेरी रांगा असलेले हे रुंद रस्ते त्यांचेच. पुढे जगभर उद्याननगरांची नक्कल झाली. लोकांनी झाडे उचलली आणि जमिनीची अट बहुतेक ठिकाणी सोडून दिली.

जर्मनीतील फ्रायबुर्गमधला व्होबां हा भाग त्या मानाने अलीकडचा आहे. १९९२ मध्ये फ्रेंच सैन्याने इथला तळ सोडला आणि त्या जागेवर ही वस्ती वसली. इथल्या बहुतेक गल्ल्यांत घरासमोर मोटार उभी करता येत नाही. ज्याला ती ठेवायची आहे, त्याने वस्तीच्या कडेच्या बहुमजली वाहनतळात वेगळे पैसे मोजून जागा घ्यावी, असा नियम आहे. २००६ मध्ये ट्रामही आली. गल्लीच्या मधोमध खडूने आखलेले हे चौकोन त्या नियमामुळेच शक्य झाले आहेत.

वाहनांचा शेजारधर्माशी काय संबंध, असे कोणी विचारील. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांची तुलना केली. दिवसाला सुमारे २ हजार वाहने जाणाऱ्या रस्त्यावर रहिवाशांना त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते; १६ हजार वाहनांच्या रस्त्यावर ही सरासरी एकाहूनही कमी भरली.

अशा वस्त्यांना मागणी आली की दर चढतात आणि मोटारीवाचून ज्यांचे चालते त्यांनाच तिथले घर परवडेनासे होते, हेही खरे आहे.

घर दाखवणारे शक्यतो निवांत दुपारी बोलावतात. पाहणाऱ्याने शाळा सुटण्याच्या वेळी पुन्हा एकदा जावे आणि दिवेलागणीनंतरही त्याच रस्त्याने चालून यावे. अमेरिकेतील नगरनियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये वस्तीच्या रचनेसाठी जी कसोटी सुचवली होती, ती आजही लावता येते: घरापासून शाळेपर्यंत पायी जाताना मुलाला वाहता मोठा रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो, ते मोजावे. उत्तर शून्य आले, तर स्वयंपाकघर जरा लहान असल्याची तक्रार मागे घ्यायला हरकत नाही.