तालमीचे दिवस

(यंत्रमागांचा आवाज)

सोलापुरात मागांची खडखड अजून ऐकू येते. हातमागाच्या जागी यंत्रमाग आला आणि एका विणकराच्या हाताखालून कितीतरी जास्त चादरी निघू लागल्या. कमी वेळात जास्त काम कसं काढायचं, हे या गावाला कुणी शिकवायला नको.

संध्याकाळी याच गावातल्या एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये नाटकाची तालीम रंगते. तिथं मात्र हा हिशेब चालत नाही. पाच पात्रांच्या दोन अंकांना ५० वर्षांपूर्वी पाच नट लागत होते, आजही पाचच लागतात. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली नेमकं हेच मांडलं. कारखान्यात यंत्र वेळ वाचवतं, म्हणून पगारवाढ झेपते. रंगमंचावर वेळ वाचत नाही, खर्च मात्र वाढतच जातो. कलाव्यवस्थापनाच्या वर्गात हे शिकवतात. मला ते कळलं एका तांब्यामुळे.

मी कॉमर्सची. हौशी नाट्यस्पर्धेतल्या एका नाटकाचा जमाखर्च माझ्याकडे आला. महिनाभराच्या तालमी, हॉलचं भाडं, रोजचा चहा, रात्री उशिरा घरी जाणाऱ्यांची रिक्षा. मी सरळ शेवटचे १० दिवस कापले. दिग्दर्शक म्हणाले, "ते नंतर बघू. उद्यापासून प्रॉम्प्टिंगला बसा."

बसले. मांडीवर संहिता, चालू ओळीवर बोट. दुकानात दिवसभर उभा राहून येणारा एक मुलगा होता. वडील गेल्याची बातमी ऐकायची आणि हातातला तांब्या खाली ठेवायचा, एवढंच त्याचं काम. रोज तांब्या नुसता आपटायचा. २३व्या दिवशी तो खाली नेता नेता हात अधांतरी थांबला. तांब्यातलं पाणी हललं. हॉलमध्ये कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही, आणि माझं बोट ओळीवरून सुटलं.

मी कापलेल्या १० दिवसांतलाच तो दिवस होता.

(सोलापूरचं हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृह. रिकामा रंगमंच.)

आता मी कलाव्यवस्थापन शिकवते. प्रत्येक व्यवस्थापकानं नट व्हावं असं मी म्हणत नाही. उलट, स्वतःला भावलं तेवढंच चांगलं असं वाटू लागलं, तर तोही मोठा धोका. म्हणून प्रायोगिक नाटकात रमणाऱ्या मुलांना मी मोडनिंबला, लावणीच्या बैठकीला घेऊन जाते. ढोलकीवाल्याची बोटं दोन हातांच्या अंतरावरून बघितली, की त्याची बिदागी ठरवताना जीभ जरा जड होते. व्हायलाच हवी.

परवा एका विद्यार्थिनीनं अंदाजपत्रक दाखवायला आणलं. महिनाभर ती एका नाटकाच्या विंगेत सामान मांडत होती. पैसे कमीच होते, कुठंतरी कात्री लागणारच होती. तिनं फ्लेक्सचा खर्च निम्म्यावर आणला होता. तालमीचे दिवस ३५, जसेच्या तसे.