नॅनो हळद आणि निरोगी माणूस

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव 'वनस्पतिजन्य संयुगे, नॅनोतंत्रज्ञान आणि कर्करोगप्रतिबंध' असे भारदस्त छापले आहे. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे वर्ग पेंगू लागल्यावरही बोलत राहण्याची मला सवय आहे. ती आवरण्याचे काम मी अध्यक्षांच्या घंटेवर सोपवतो. वेळ संपलाच तर निदान मुद्दा राहू नये, म्हणून तो आधीच सांगून टाकतो. हळदीतील कर्क्युमिन नॅनोकणांत भरून रक्तापर्यंत पोहोचवले, की ती स्वयंपाकघरातली हळद राहत नाही, ते औषध होते. असे औषध धडधाकट माणसाला वर्षानुवर्षे द्यायचे असेल, तर रोग्याच्या औषधाला लावतो त्याहून कडक कसोटी त्याला लावली पाहिजे. बाजारात आज नेमके याच्या उलट चालले आहे.

माझ्यासमोर तीन पेले आहेत. पहिल्यात साध्या पाण्यात चमचाभर हळद ढवळलेली आहे; मागच्या रांगेतूनही दिसेल की गाळ खाली बसला आहे. दुसऱ्यात कोमट तेल आहे आणि त्याला तासाभरात गडद पिवळा रंग चढला आहे. हळद फोडणीत घालावी, वरून भुरभुरवू नये, हे आपल्या आज्यांना माहीत होते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते, हे त्यामागचे कारण. तिसऱ्या पेल्यात हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला आहे आणि पाणी लालसर झाले आहे. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणामुळे. मात्र ज्या क्षारधर्मी वातावरणात कर्क्युमिन लाल होते, त्यातच ते भराभर मोडतेही. त्यासाठी चुन्याइतका क्षार लागतोच असे नाही. प्रयोगशाळेत, रक्ताच्या आम्ल-अल्कतेशी जुळणाऱ्या पण प्रथिने नसलेल्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन नष्ट झालेले आढळले आहे.

हा रेणू १८१५ मध्ये व्होगेल आणि पेलेटिए यांनी वेगळा काढला, १९१० मध्ये त्याची रचना उलगडली, आणि गेल्या काही दशकांत त्याच्यावर इतके शोधनिबंध निघाले की ते वाचायला एक जन्म पुरणार नाही. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्कपेशींवर कर्क्युमिन ओतले की त्या मरतात, हे खरे आहे. परंतु बशीत जी मात्रा वापरतात तिच्या आसपासही, माणसाने ते तोंडावाटे घेतल्यास, रक्तातली पातळी सहसा जात नाही. आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही, जे शोषले जाते त्याला आतड्याची भिंत आणि यकृत तत्काळ दुसरे रेणू चिकटवून बाहेरची वाट दाखवतात. चांगल्या हळदीत कर्क्युमिन असते साधारण तीन टक्के. त्यामुळे ज्या चाचणीत दररोज ४ ग्रॅम कर्क्युमिन दिले जाते, तिची बरोबरी आहारातून करायची तर रोज सव्वाशे ग्रॅमहून अधिक हळद खावी लागेल. सांगलीच्या बाजारपेठेला ही सूचना आवडेल, पण जेवणाऱ्याला आवडणार नाही.

येथे मिरीचा प्रवेश होतो. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतले केवळ २० मिलिग्रॅम पायपेरिन देऊन पाहिले, तेव्हा माणसांमध्ये त्याची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. पायपेरिन शोषणाला मदत करते आणि पदार्थ बाहेर टाकणाऱ्या यकृतातील यंत्रणेचा हात धरून ठेवते. पण तो हात केवळ कर्क्युमिनपुरता धरला जात नाही. तुम्ही त्याच वेळी रक्तदाबाची किंवा फिटची गोळी घेत असाल, तर तिचीही रक्तातली पातळी बदलू शकते. 'नैसर्गिक' असे लिहिलेल्या डबीवर हे कोणी छापत नाही.

मिरीनंतरची पायरी नॅनोची. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर, आणि औषधशास्त्रात आपण साधारणपणे दहा ते दोनशे नॅनोमीटरच्या कणांविषयी बोलतो. फॉस्फोलिपिड या मेदयुक्त रेणूंचे दुहेरी आवरण असलेले लायपोसोम, बहुवारिकांचे म्हणजे पॉलिमरचे कण, तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, प्रथिनांचे गोळे, अशी त्यांची अनेक रूपे आहेत. पाण्याचे वावडे असलेला रेणू आत दडवायचा आणि बाहेरून पाण्याला रुचणारे आवरण द्यायचे, एवढीच मूळ युक्ती. वनस्पतिजन्य रेणूच्या बाबतीत ती उत्तम रीतीने यशस्वी झाली आहे, आणि त्या यशाच्या मुळाशी नंदुरबारचा एक माणूस आहे.

त्याला आपण ओळखत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे, तेव्हा थोडी सवलत द्यावी. हळदीच्या पेटंटची लढाई महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला मिळाले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने संदर्भ पुढे करून त्याला आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. अभिमान वाटावा असेच ते काम होते. मात्र त्या लढाईत सिद्ध झाले ते एवढेच, की हळदीचा हा उपयोग नवा नाही. हळदीने कर्करोग टळतो असे तेथे कोणी सिद्ध केले नाही, तो प्रश्नच तेथे नव्हता. तरीही एका औषधप्रदर्शनात नॅनो हळदीच्या कॅप्सुलांचा विक्रेता मला तोच खटला पुरावा म्हणून ऐकवत होता, आणि मी त्याला चाचणीचा निकाल मागितला तेव्हा त्याने माझ्या हातात पेन ठेवले. पेन चांगले होते.

या उलट, मनसुख वाणी हे नाव या सभागृहात किती जणांनी ऐकले आहे? हात वर करावेत. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका सोडल्या तर कोणी नाही. वाणींचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून त्यांनी पदव्या घेतल्या, पुढे इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत ते काम करू लागले. अमेरिकेत तेव्हा सरकारी खर्चाने झाडेझुडपे गोळा करून त्यांचे अर्क कर्कपेशींवर तपासण्याची मोठी मोहीम चालू होती. त्यातील पॅसिफिक यू नावाच्या, संथ वाढणाऱ्या एका झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली गेली आणि पुढे या दोघांच्या टेबलावर आली. सालीतून रेणू शुद्ध करत जाणे हे कंटाळवाणे काम असते. अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायला पाठवायचा, ज्यात गुण टिकला तो ठेवायचा आणि पुन्हा त्याचे भाग पाडायचे. किलोकिलोंनी साल आत जाते आणि बाहेर मिलिग्रॅम पडतात. या रेणूची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तो टॅक्सॉल, पुढे कर्करोगावरचे औषध झालेला. याच दोघांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिनही काढले होते, ज्यापासून पुढे आणखी दोन औषधे तयार झाली. वाणी २०२० मध्ये गेले. आपल्याकडे पेढ्यांचे दुकान काढले तरी बातमी येते. या माणसाची बातमी मला शोधून काढावी लागली.

टॅक्सॉलचे दुखणे अगदी कर्क्युमिनसारखेच होते, ते पाण्यात विरघळेना. म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या एका द्रावकात आणि अल्कोहोलात मिसळून शिरेतून द्यावे लागे. त्या द्रावकाची काही रुग्णांना तीव्र रिअॅक्शन येई, त्यामुळे आधी स्टेरॉइड द्यायचे आणि मग तीन-तीन तास सलाइन लावून ठेवायचे. त्यावर उपाय म्हणून २००५ मध्ये टॅक्सॉल रक्तातल्याच अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेले, सुमारे १३० नॅनोमीटर आकाराचे कण बाजारात आले. द्रावक गेला, स्टेरॉइडची पूर्वतयारी सहसा लागेनाशी झाली आणि अर्ध्या तासात सलाइन संपू लागले. वनस्पती आणि नॅनो यांच्या जोडीचा याहून सरस नमुना मला माहीत नाही.

मात्र हे झाले उपचाराचे, आणि माझा विषय प्रतिबंधाचा आहे. येथेच बहुतेक उत्साही भाषणे गाळात पाय घालतात. नॅनोकण कर्काच्या गाठीत का साचतात, याचे स्पष्टीकरण मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दिले: गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि निचरा खराब असतो, म्हणून कण आत शिरतात आणि अडकतात. तेही फार नाही. दहा वर्षांतील प्रयोगांचा हिशेब २०१६ मध्ये मांडला गेला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणारा मध्यक भाग निघाला ०.७ टक्के. निरोगी माणसात तर गाठच नाही, मग गळक्या रक्तवाहिन्या कुठल्या? त्याच्या रक्तात सोडलेले कण मुख्यतः यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसणार. ज्या गुणावर नॅनोऔषधांची ख्याती उभी आहे तो गुण प्रतिबंधात उपयोगाला येत नाही, हे विक्रेत्याने सांगावे अशी माझी अपेक्षा नाही, पण विद्यापीठांतील प्रबंधांच्या प्रस्तावनांतही ते क्वचितच सापडते.

घंटा वाजली. दहा मिनिटे मिळाली आहेत, आणि जे सांगायचे म्हणून आलो ते अजून बाकी आहे. तेव्हा झपाट्याने पुढे जातो.

रसायनांनी कर्करोग रोखण्याच्या या कल्पनेला मायकेल स्पोर्न यांनी १९७६ मध्ये नाव दिले. तिचा सर्वांत कडू अनुभव गाजरातल्या बीटा-कॅरोटीनचा. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला, आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेतील तशीच चाचणी १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली. गाजर खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो हे निरीक्षण होते. त्यातला एक रेणू वेगळा काढून मोठ्या मात्रेत दिल्यावर भलतेच घडले.

कर्क्युमिनचे काय? आतड्यात शेकडो गाठी येण्याचा आनुवंशिक विकार असलेल्या पाच रुग्णांना कर्क्युमिन आणि कांद्यात मिळणारे क्वर्सेटिन दिल्यावर गाठी साठ टक्क्यांनी घटल्या, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ४४ रुग्णांची, नकली गोळीशी तुलना करणारी चाचणी २०१८ मध्ये आली, आणि रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन वर्षभर घेऊनही फरक दिसला नाही. केरळमध्ये तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर, म्हणजे ल्युकोप्लाकियावर, रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन सहा महिने दिले. चट्टे कमी झालेल्यांचे प्रमाण ६७.५ टक्के होते आणि नकली गोळीवाल्यांत ५५.३ टक्के. फरक आहे, लहान आहे, पण मला त्यात जीव वाटतो.

आणि यकृत. अमेरिकेतील अभ्यासकांनी २०२२ मध्ये हळदीच्या कॅप्सुलांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले, त्यांपैकी एक दगावला. सात उत्पादने तपासली, त्यांपैकी तीन उत्पादनांत मिरीचे पायपेरिन निघाले. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण होती, म्हणजे धोका सर्वांना सारखा नाही. फोडणीतली हळद निर्धोक आहे याचे एक कारण शरीर ती फारशी आत घेत नाही हे आहे. तो अडसर नॅनोने काढायचा आणि निर्धोकपणा मात्र जुनाच गृहीत धरायचा, हे चालणार नाही.

मग करावे काय? माझ्या मते वाट रक्तातून नव्हे, तोंडातून जाते. आपल्याकडे मावा, खर्रा, गुटखा, मिश्री यांनी तोंडाची त्वचा जून होते, चट्टे येतात, तीन बोटे मावतील एवढेही तोंड उघडत नाही. ही जागा डोळ्यांना दिसते, तुकडा काढून तपासता येते आणि तिथे पट्टी चिकटवता येते. कर्क्युमिनचे नॅनोकण असलेली, ओलसर गालाला धरून राहणारी पातळ पट्टी थेट चट्ट्यावर लावली, तर मात्रा थोडी लागेल, बहुतांश जागेवरच राहील आणि यकृताच्या वाटेला कमी जाईल. धोका ज्यांना खरोखर मोठा आहे अशाच लोकांना ती द्यावी, निम्म्यांना औषधाविना पट्टी द्यावी, आणि चट्टा फिका झाला यावर समाधान न मानता दोन-तीन वर्षांनी पेशींत काय बदल झाला ते पाहावे. तंबाखू सोडवण्याचे काम दोन्ही गटांत आधी करावे, नाहीतर या खटाटोपाला अर्थ नाही.

कर्करोग टाळणारा नॅनोकण अस्तित्वात आहे, हेही सांगून टाकतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीत विषाणूच्या रिकाम्या कवचासारखे पन्नास-साठ नॅनोमीटरचे प्रथिनकण असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून उपलब्ध आहे. त्यात हळद नाही म्हणून तिच्यावर व्याख्यान ठेवायला कोणी मला बोलावत नाही.

शेवटची घंटा झाली. शंका लिहून द्याव्यात. एक चिठ्ठी आधीच आली आहे, तिला उत्तर देतो: 'कर्करोग टाळते' असे लिहिलेल्या डबीचे काय करावे? १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ज्या रोगांवरील उपचाराची किंवा प्रतिबंधाची जाहिरात मना केली आहे, त्यांच्या यादीत कर्करोग आहे. त्या डबीचा फोटो आणि दुकानाची पावती जपून ठेवा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. तक्रारीचा मसुदा हवा असेल त्यांनी चहाच्या टेबलाजवळ मला गाठावे.