बारादहाचा जुना पार्ट फेकू नका

नमस्कार मंडळी. बाहेर जी गाडी उभी आहे ती टाटा 1210 एसई, आम्ही सगळे तिला बारादहाच म्हणतो, 1983 चं मॉडेल. वडिलांनी सेकंड हँड घेतली, आधी कारखान्याला ऊस ओढला, मग घाट उतरून कोकणातला चिरा आणला, आणि शेवटची अकरा वर्षं ती आमच्या चिंचेखाली उभी होती. टायर जमिनीत रुतलेले, बॉनेटमध्ये घुशींनी घर केलेलं. भंगारवाला दोनदा येऊन भाव करून गेला. वडील काहीच बोलले नाहीत, नुसते जाऊन दारावर हात ठेवून उभे राहिले, आणि मी त्याच दिवशी ठरवलं की ही गाडी रस्त्यावर आणायची.

आता ज्यांना जुनी गाडी उभी करायची आहे त्यांच्यासाठी पहिली गोष्ट. बाजारात जायच्या आधी आपल्यासमोर नक्की काय उभं आहे ते ओळखा, आरसी बुकवर जाऊ नका. 1210 मधले बारा म्हणजे साधारण बारा टन एकूण वजन, आणि दहा म्हणजे शंभराच्या आसपास हॉर्सपॉवर, ही नावं द्यायची पद्धत जर्मन आहे. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, डेमलर-बेंझशी करार करून 1954 मध्ये जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली, 1969 मध्ये करार संपला, समोरचा बेंझचा तारा गेला आणि तिथं टाटाचा टी आला. पण म्हातारे ड्रायव्हर अजून हिला बेंझच म्हणतात, आणि ते चूक नाही, कारण इंजिनाची सगळी घडण तिथलीच. म्हणून सगळे नटबोल्ट मिलिमीटरचे. जुन्या लेलँडचं घराणं इंग्लंडचं, तिथं सगळं इंची. चाळीस वर्षांत कुणाकुणाचे हात लागलेत सांगता येत नाही, आमच्या गाडीत तीन ठिकाणी मिलिमीटरच्या भोकात सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, मापाचा बोल्ट दामटून बसवलेला निघाला, आटे सगळे गेलेले. बोल्ट हातानं चार आटे फिरला नाही तर पाना लावू नका, ही सवय लावूनच घ्या.

इंजिनाचं सांगतो. बुकात 692 लिहिलंय. हा आकडा वाचायला सोपा आहे, सहा सिलिंडर आणि 92 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 4.8 लिटरच्या आसपास. मी त्या मापाचा पिस्टन-रिंगचा पूर्ण सेट पैसे मोजून आणला. हेड उघडलं, मिस्त्रींनी व्हर्नियर लावलं आणि माझ्याकडं बघत राहिले, 97. म्हणजे ब्लॉक 697 चा, 5.7 लिटरचा. कधीतरी इंजिन बदललेलं आणि बुकात चढवलेलंच नाही. पिस्टन परत गेले नाहीत, ते पैसे बुडाले, पण मोठा घोर दुसराच होता, कारण इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरटीओत नोंद करावी लागते. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत त्या इंजिनाचं जुनं बिल सापडलं म्हणून ते काम झालं. तेव्हा जुनी बिलं, चिठ्ठ्या, टायरच्या पावत्या, काहीही जाळू नका.

ओळखायच्या खुणा गाडीवरच असतात, फक्त ग्रीसखाली झाकलेल्या असतात. क्रँकचं बेअरिंग काढलं की त्याच्या पाठीवर बघा, 0.25 किंवा 0.50 असं मारलेलं असेल तर क्रँक तेवढा आधीच घासून झालाय, आता पुढची साइज लागणार. डिझेल पंपावर एक छोटी पट्टी असते. आमच्या पंपावर रंगाचे चार थर होते, रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन अर्धा तास बसलो तेव्हा हळूहळू अक्षरं वर आली, मायको, म्हणजे पंप बनवणारी कंपनी, आणि त्याखाली PES 6A नं सुरू होणारा नंबर. त्यात सहा म्हणजे सिलिंडर, ए म्हणजे पंपाचा साइज, पुढचा आकडा प्लंजरचा, म्हणजे डिझेल ढकलणाऱ्या दांड्याचा व्यास, 80 असेल तर आठ मिलिमीटर. पंपवाल्याला तो नंबर फोनवर सांगितला की एलिमेंट कुठलं, डिलिव्हरी व्हॉल्व्ह कुठला, तो बघून सांगतो. फक्त टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन केल्याशिवाय पंप बसवू नका, सहा सिलिंडरला सारखं डिझेल गेलं नाही तर नवीन पिस्टनसुद्धा जळतो.

आता पार्ट शोधायचं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस, दिल्लीत कश्मीरी गेट, कलकत्त्यात मल्लिक बाजार, ही नावं सगळ्यांना माहिती आहेत. पण तिथं जाऊन नुसतं "बारादहाचं अमुक द्या" म्हणलं की जे समोर असेल ते हातात पडतं. जुना पार्ट बरोबर न्या. तुटलेला असला तरी, झिजलेला असला तरी, दोन तुकड्यांत असला तरी दोन्ही तुकडे न्या. एका दुकानात मी जुना किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती, काउंटरवर ठेवला, चाचांनी चष्मा न लावता नुसता अंगठा फिरवला, पोराला माळ्यावर पाठवलं आणि तेलकट खाकी कागदात गुंडाळलेली जोडी खाली आली, कागद इतका जुना की हातात मोडत होता. दोन महिने मी जे फोनवर मागत होतो ते दहा मिनिटांत मिळालं, ते त्या झिजलेल्या किंगपिनमुळं. नवीन पार्ट गाडीला बसून हजार किलोमीटर होईपर्यंत जुना पार्ट गॅरेजबाहेर जाऊ देऊ नका.

क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या हाउसिंगमधली दात्यांची चक्रं, मात्र जोडीनंच घ्यायचं. एकमेकांवर घासून जोडी तयार केलेली असते आणि दोघांवर एकच नंबर असतो, एक इथून आणि एक तिथून आणलं तर हाउसिंग आठ दिवसांत रडायला लागतं. आणि दात मोजा, समजा 41 ला 6 निघाले तर तसंच शोधा.

जे कुठंच मिळत नाही ते ओतून घ्यावं लागतं. आमचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पार्ट, मधोमध तडकलेला, वेल्डिंग दोनदा केलं, दोनदा उकललं. एका फाउंड्रीत दिला, त्यांनी जुना मॅनिफोल्डच वाळूत दाबून साचा केला. नवा आला, दिसायला देखणा, पण शेवटची दोन भोकं स्टडवर बसेनात. कारण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे दोन फुटाच्या पार्टला पाव इंच. मग कोल्हापुरात उद्यमनगरात एका पॅटर्नवाल्याकडं गेलो. त्यांच्याकडं वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा फूट मुळातच एवढा मोठा आखलेला. त्या पट्टीनं जुना पार्ट मापून त्यांनी लाकडात पॅटर्न केला, फेसिंगला, म्हणजे मशीनवर तोंड घासायला, वर दोन-तीन मिलिमीटर ठेवले, आणि दुसऱ्या खेपेला मॅनिफोल्ड हातानं ढकलला तसा सहा पोर्टवर बसला. तो लाकडी पॅटर्न मी जपून ठेवलाय, कुणाला लागला तर खुशाल न्या.

केबिनचे पार्ट मात्र शोधूच नका, ते कधी नव्हतेच. कंपनीकडून काऊल, म्हणजे बॉनेटसकट पुढचा भाग, आणि चेसी यायची, मागचं केबिन बॉडीवाल्याचं, सागाचा सांगाडा आणि वर पत्रा. तिथं चांगला सुतार लागतो. काचेची बीडिंग रबर बसबॉडीच्या दुकानात फुटावर मिळते.

अजून एक विचारतात, व्हिंटेजमध्ये बसेल का. नाही. 2021 चा जो नियम आहे तो 50 वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकी खाजगी गाड्यांसाठी आहे, मालट्रकला पासिंग आणि फिटनेस करावंच लागतं. मला हे पटत नाही. या देशाचं धान्य, सिमेंट, ऊस ज्या गाड्यांनी वाहिला त्यांना जपायला कायद्यात एक खिडकी असायला पाहिजे.

शेवटी टायर. नऊशे-वीसचे टायर, ट्यूब, फ्लॅप आजही नवे मिळतात, पण टायर डिस्कवर अडकवून धरणारी लॉक रिंग जुनीच असते. गंजलेली किंवा वाकलेली रिंग हातोड्यानं बसवून हवा भरली आणि ती सुटली तर समोरचा माणूस जागेवर जातो. आधी तारेच्या ब्रशनं खोबण साफ करा, रिंग सगळीकडून बसलीय का बघा, टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, लांब पाइपनं हवा भरा आणि बाजूला उभे राहा. पिंजरा नसेल तर त्या दिवशी हवा भरू नका. मी सहापैकी दोन रिंगा भंगारात टाकल्या, जुना पार्ट जपा म्हणणाऱ्या माणसानं, त्याही तोडून टाकल्या, कुणी परत वापरू नये म्हणून. आता बाहेर चला, बॉनेट उघडं आहे, वडील केबिनमध्ये बसलेत, तेच स्टार्टर मारतील.